लेकीचं लग्न ठरलंय आणि दिवस गेलेत आईला

प्रश्न: ताई, माझं वय 52, मिसेसचं 45. मुलगी 24 वर्षांची, तिचं लग्न चार महिन्यांवर आलंय, हॉल बुक झाला, मुलाकडचे कुडाळचे. धाकटा इंजिनिअरिंगला आहे. मिसेसची पाळी वर्षभर मागेपुढे होत होती त्यामुळे आलीच नाही तेव्हा आम्ही समजलो की संपली, मग उलट्या सुरू झाल्या तर अ‍ॅसिडिटी म्हणून गोळ्या घेतल्या, शेवटी सोनोग्राफी केली तर दहा आठवडे! मी तर डॉक्टरसमोर हसलोच, काय करावं सुचेना. आता आई म्हणते, मंगेशान दिलां तें घेवंक जाय (देवानं दिलं ते घ्यायला पाहिजे). भाऊ म्हणतो गुपचूप मोकळं करून टाक. मुलगी आमच्याशी बोलत नाहीये. मी साठीला रिटायर होईन तेव्हा पोर दुसरीत असेल, आणि लग्नात बायकोला सहावा संपून सातवा लागलेला असेल, व्याह्यांना काय सांगू? मिसेस काही बोलत नाही, स्वयंपाक करते, ऑफिसला जाते. काय करावं सांगा. (फोंडा, नाव छापू नका)

उत्तर: नाव नाही छापत, निश्चिंत राहा. आई काय म्हणते, भाऊ काय म्हणतो, मुलगी रुसलीय, व्याही काय म्हणतील, सगळं आलं पत्रात, आणि जिच्या पोटात आहे तिच्याबद्दल एक ओळ, की ती काही बोलत नाही. अहो पण तिला कुणी विचारलंय का? बोलत नाही म्हणजे तिला चालेल असं धरू नका, आणि नको असेल असंही धरू नका. ऑफिस सुटल्यावर तिला घेऊन फर्मागुडीला नाहीतर कुठेतरी जा, घरात नको, घरात आई आहे. तुला काय वाटतं एवढंच विचारा आणि मग गप्प बसा. तुमची रिटायरमेंट आणि व्याही तेव्हा मध्ये आणू नका, ते नंतर बोलता येईल, आधी आणलंत तर ती तुमच्या सोयीचं उत्तर देईल, आपल्याकडच्या बायका देतातच.

आता जे माहीत असायला पाहिजे ते सांगते, आणि हे तिच्याबरोबर बसून वाचा.

ठेवायचं म्हटलं तर पंचेचाळिशीत ते जमतच नाही असं नाही, पण सोपंही नाही. या वयात निम्म्याहून जास्त वेळा गर्भ आपोआपच पडतो, बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच, म्हणजे तुम्ही अजून त्याच टप्प्यात आहात. डाउन सिंड्रोमचं (जन्मतःच असणारा, बुद्धीची वाढ मंदावणारा दोष) प्रमाण पंचविशीत साधारण 1200 बाळांत एक असतं ते चाळिशीला शंभरात एक आणि पंचेचाळिशीला तीसेकांत एक होतं. याचा अर्थ बहुतेक बाळांना तो नसतो हेही खरंच. त्याचा धोका किती हे बघायला 11 ते 14 आठवड्यांच्या मध्ये एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागची सोनोग्राफी) आणि डबल मार्कर (आईच्या रक्ताची तपासणी) होतं, म्हणजे तुम्हाला पुढच्या आठवड्यातच अपॉइंटमेंट घ्यायला पाहिजे. एनआयपीटी नावाची रक्ताची तपासणी आत्ताही होईल, महाग आहे, आणि ती पक्की नसते, त्यात शंका आली तर नक्की करायला पंधराव्या आठवड्यानंतर पोटातलं पाणी काढून तपासतात. बाळाकडचं एवढं, तिच्याकडचं म्हणजे बीपी आणि शुगर. दोन्ही या वयात गरोदरपणात चढण्याची शक्यता जास्त असते, म्हणून थायरॉइड, शुगर, बीपी आत्ताच बघून घ्या आणि बीपीसाठी कमी डोसची अ‍ॅस्पिरिन लागेल का ते डॉक्टरांना विचारा, ती सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू केलेली बरी. आपल्या मनानं नको. प्रसूती मात्र जिथे आयसीयू, रक्त, नवजात बाळांचा विभाग सगळं एका छपराखाली आहे तिथेच, बांबोळीला गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेजचं सरकारी हॉस्पिटल) आहेच, घराजवळ छोटं नर्सिंग होम आहे म्हणून तिथे नको.

नको म्हटलं तर कायदा तिच्या बाजूनं आहे. 2021 च्या दुरुस्तीनंतर 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतावर गर्भपात होतो, 20 ते 24 मध्ये ठरावीक कारणांनाच आणि दोन डॉक्टर लागतात, आणि वय जास्त आहे हे त्या कारणांत नाही. म्हणजे लग्न उरकू दे मग बघू हा हिशेब चालणारच नाही. सही फक्त तिची लागते, तुमची नाही, सासूची तर नाहीच. नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. भाऊ गुपचूप म्हणतोय ते फार्मसीतनं गोळ्या आणण्याबद्दल असेल तर साफ नाही म्हणा, दहा आठवड्यांना घरी गोळ्या घेऊन अर्धवट पडलं आणि रक्त थांबेना तर रात्री 108 ला फोन करत बसाल.

लोकांचं म्हणाल तर आपल्या आज्यांच्या काळात सासू आणि सून एकाच वर्षी बाळंत व्हायच्या, मामा भाच्यापेक्षा लहान असायचा, कुणाला काही वाटत नव्हतं. (तो काळ चांगला होता असं मी म्हणत नाही, त्या बायकांना कुणी विचारत नव्हतं आणि कितीतरी बाळंतपणातच गेल्या.) लाज कसली वाटते मला कळत नाही, पन्नाशीतल्या नवराबायकोचं एकमेकांवर प्रेम आहे हे लोकांना कळलं, एवढंच ना? व्याह्यांना ठेवायचं ठरलं तरच सांगायचं, आणि पत्रिका वाटायच्या आधी स्वतः कुडाळला जाऊन सांगा, दुसऱ्याकडून कळलं तर मात्र बोभाटा होईल. नको ठरलं तर त्यांना सांगायचं काहीच कारण नाही. कन्यादानाला भटजी काही म्हणाले तर काका-काकू बसतील, लग्न काही अडत नाही.

मुलीला थोडा वेळ द्या. तिचं वर्ष होतं हे, तिला वाटतंय आता सगळे आईच्या पोटाकडे बघणार, आणि ते चुकीचंही नाही. पण दादा, त्या पोरीवर भविष्यात बाळाची जबाबदारी टाकणार नाही हे तिला स्पष्ट शब्दांत सांगा. तुम्ही 70 चे व्हाल तेव्हा ते कॉलेजात असेल, तोवरच्या पैशांचं काय ते आत्ता कागदावर मांडा. आणि मिसेस प्रायव्हेटमध्ये असतील तर दोन मुलं आधीची असल्यामुळे पगारी रजा 26 नाही, 12 आठवडेच मिळेल, तेही त्या कागदावर लिहा.

प्रश्न: माझं वय 48. सहा महिन्यांत पाळी दोनदाच आली, आता दोन महिने नाहीच. मिस्टर म्हणतात आता काळजी घ्यायची गरज नाही. खरं का? (डिचोली)

उत्तर: नाही. पन्नाशीच्या आत असाल तर शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं, पन्नाशीनंतर एक वर्ष काळजी घ्यायची. कॉपर टी बसवता येते. नाहीतर मिस्टरांना म्हणावं नसबंदी करा, बायकांच्या ऑपरेशनपेक्षा सोपी, त्याच दिवशी घरी येतात, फक्त तीनेक महिन्यांनी तपासणी होऊन सगळं क्लिअर आहे असं कळेपर्यंत निरोध वापरायचाच. पण दोन महिने पाळी नाही म्हणताय तर बाकी सगळं राहू दे, उद्या फार्मसीतनं टेस्टची स्ट्रिप आणा आणि सकाळची पहिली लघवी तपासा.