वाचकांचे प्रश्न : बी.ए. घरी राहून

प्रश्न : ताई, मी अंगणवाडी सेविका आहे, वय ३६. बारावीनंतर लगेच लग्न झालं आणि शिक्षण थांबलं. आता बी.ए. करायचंय. यजमान म्हणतात, घरबसल्या घेतलेल्या डिग्रीला कोण विचारतं? तालुक्याला एक जण दुप्पट फी घेऊन एका वर्षात पदवी काढून देतो म्हणतो. मला जमेल का?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : आधी त्या माणसाला नाही म्हणून या. बारावीनंतर एका वर्षात बी.ए. कुठलंही मान्यताप्राप्त विद्यापीठ देत नाही. असा कागद पुढे पडताळणीत उघडा पडतो आणि आहे ती नोकरीही धोक्यात येते. विद्यापीठाला, अभ्यासक्रमाला आणि या वर्षीच्या सत्राला मान्यता आहे ना, हे यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा.

यजमानांना सांगा, मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, असं यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये लेखी स्पष्ट केलंय.

विद्यापीठ कोणतं? इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, चांगलंच आहे, पण तिथली बहुतेक पुस्तकं हिंदी-इंग्रजीत. तुम्ही मराठीतून शिकलात, तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ बघा. ते १९८९ पासून मराठीतून शिकवतंय.

आता जमण्याचं. मी बरीच वर्षं अभ्यासकेंद्रावर समंत्रक, म्हणजे विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणारी शिक्षिका, होते. विषय अवघड म्हणून सोडून गेलेले मला थोडेच आठवतात. बहुतेकांनी सोडलं ते वेळेचा हिशोब न केल्यामुळे. अभ्यास श्रेयांकांत (क्रेडिटमध्ये) मोजतात; एका श्रेयांकाला ३० तासांचा अभ्यास धरतात, म्हणजे चार श्रेयांकांच्या विषयाला १२० तास. रोज एक तास दिलात तर एका विषयाला चार महिने लागतील, आणि वर्षाला विषय बरेच असतात. हे ऐकून घाबरू नका. इग्नूत तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पूर्ण करता येते. तुमच्या विद्यापीठात कमाल मुदत किती, ते प्रवेशाआधी विचारून घ्या.

आमच्या केंद्रावर साखर कारखान्यातले एक काटा कारकून यायचे. गळीत हंगामात त्यांना झोपेलाही वेळ मिळत नसे. ते पुस्तकं मिळाली की पावसाळ्यातच वाचून काढायचे, दिवाळीआधी स्वाध्याय, म्हणजे घरी लिहून केंद्रावर द्यायची प्रश्नांची उत्तरं, लिहून द्यायचे आणि उन्हाळी परीक्षेपूर्वी फक्त उजळणी करायचे. त्यांचा एकही विषय राहिला नाही. तुमचाही हंगाम असेलच : लसीकरणाचे दिवस, सर्वेक्षण, पोषण माह. ते आठवडे कॅलेंडरवर आधीच काट मारून ठेवा, त्यात अभ्यास धरूच नका.

स्वाध्याय मात्र वेळेवर द्या, पोच घ्या आणि झेरॉक्स जपून ठेवा. इग्नूत साधारण ३० टक्के गुण त्यांचेच असतात. परीक्षा चांगली देऊनही केवळ स्वाध्याय राहिला म्हणून विषय अडकलेल्या बायका मी पाहिल्यात, फार वाईट वाटतं.

आणि एक काम आजच करा. तुमची बारावीची गुणपत्रिका माहेरच्या नावाची असणार, आधार सासरच्या. प्रवेशाआधी एबीसी आयडी, म्हणजे तुमचे श्रेयांक जमा होणाऱ्या खात्याचा क्रमांक, काढावा लागतो, तो आधारवरून डिजिलॉकर या सरकारी ॲपमध्ये निघतो. नावं जुळली नाहीत की गाडी तिथेच अडते. विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवा, आणि राजपत्रात नाव बदलून घ्यावं लागेल का, ते अभ्यासकेंद्रावर विचारा. त्याला वेळ लागतो, म्हणून प्रवेश सुरू व्हायची वाट पाहू नका.