तात्पुरता प्रवेश आणि न घेतलेली पोच

आपण लिहिले आहे की बी.ए. एका मोठ्या विद्यापीठातून केल्यावर घरच्या अडचणीमुळे जिल्ह्यातील लहान विद्यापीठात समाजशास्त्राच्या एम.ए.ला प्रवेश घेतला, वर्गात जेमतेम दहा-बारा जण आहेत, ग्रंथालय बेताचे आहे आणि येथून पुढे काही होईल का, अशी शंका आहे. त्याच ओघात ‘मायग्रेशन (जुने विद्यापीठ सोडल्याचे प्रमाणपत्र) नंतर दिले तरी चालेल, असे कार्यालयात सांगितले’ हेही आपण सहज लिहून गेला आहात. हे उत्तर मी लिहितो आहे ते केवळ त्या एका वाक्यामुळे, कारण हेच शब्द मीही २०१६ साली ऐकले होते आणि त्यांवर विसंबलो होतो.

विषय कोणता निवडावा किंवा हजेरीचे काय, यात मी शिरत नाही. ते आपल्याला ठाऊक असणार. माझाही प्रवेश आपल्यासारखाच तात्पुरता होता. दुसऱ्या विद्यापीठातून येणाऱ्याचा प्रवेश पात्रता विभागाने कागद तपासून कायम करावा लागतो आणि त्यासाठी मूळ मायग्रेशन प्रमाणपत्र लागते. मी ते दुसऱ्या सत्रात आणले आणि ओळखीच्या लिपिकांच्या हातात दिले. त्यांनी ते फायलीत ठेवल्याचे मी डोळ्यांनी पाहिले, चहाही घेतला, आणि घरी आलो. पोच घेतली नाही. सगळे एकमेकांना नावाने ओळखतात अशा ठिकाणी पोच मागणे मला उद्धटपणाचे वाटले. माझी चूक एवढीच, पण तिने माझे एक संपूर्ण वर्ष खाल्ले.

पहिल्या तीन सत्रांचे निकाल नियमित लागल्यामुळे मला काही शंका आली नाही. चौथ्या सत्राचा निकाल मात्र ‘राखीव’, म्हणजे रोखून ठेवलेला, लागला. चौकशी केली तेव्हा पात्रता विभाग म्हणाला की कागद आमच्याकडे आलाच नाही, शैक्षणिक विभाग म्हणाला की आम्ही तो पाठवला, आणि ज्या लिपिकांनी तो घेतला होता त्यांची दरम्यान बदली झाली होती. आवक नोंदवही पाहावी तर नोंद नाही, कारण कागद टपाल शाखेतून गेलाच नव्हता. दुबार प्रतीसाठी जुन्या विद्यापीठाकडे गेलो, तर त्यांनी प्रतिज्ञापत्र आणि कागद हरवल्याची पोलीस तक्रार मागितली. आता कागद मी हरवला नव्हता, तो कार्यालयात हरवला होता. पण तसे दोन ओळींत लिहून द्यायला ते कार्यालय तयार नव्हते. शेवटी ‘प्रवासात गहाळ झाला’ अशी खोटी तक्रार मलाच द्यावी लागली, आणि त्याचा राग मला आजही येतो. जुलैपासून डिसेंबरपर्यंत हे चालले. तोवर पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा उत्तीर्ण होऊनही, अंतिम गुणपत्रिका नसल्यामुळे कागदपत्र पडताळणीत मला परत पाठवण्यात आले.

म्हणून आपले प्रमाणपत्र अजून घरात असेल तर ते कोणाच्याही हातात देऊ नका. विभागप्रमुखांच्या सहीचे पत्र वर जोडून ते टपाल शाखेत द्या आणि आपल्या झेरॉक्स प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्या. सत्र संपण्यापूर्वी पात्रता कायम झाल्याचे लेखी मागा. ‘झाले आहे, काळजी करू नका’ हे उत्तर धरू नका. माझा अनुभव काही वर्षांपूर्वीचा आहे आणि आता बरेच काम ऑनलाइन होते, तेव्हा आपल्या विद्यापीठाचे ताजे परिपत्रक पाहावे. मूळ कागदाची पोच मात्र ऑनलाइन अर्ज भरला तरी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता आपल्या मूळ शंकेविषयी. लहान विद्यापीठात ‘पुढे काही होत नाही’ हे मला मान्य नाही. माझ्या लघुप्रबंधाचा प्रत्येक मसुदा सरांनी लाल शाईने भरून परत दिला. साठ-सत्तर जणांच्या वर्गात हे घडले असते असे वाटत नाही. आमच्याकडे कायम प्राध्यापक दोनच होते आणि बाकीचे तासिका तत्त्वावर, त्यामुळे एखादा पेपर अर्धाच शिकवून व्हायचा, हेही तितकेच खरे आहे.

ग्रंथालयाचे दुःख पूर्वीइतके राहिलेले नाही. आपले विद्यापीठ शासकीय असेल तर २०२५ पासून सुरू झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेतून आंतरराष्ट्रीय नियतकालिके वाचता यायला हवीत. ग्रंथपालांकडे लॉगिन मागा, कारण ते आपण होऊन कोणी देईल अशी आशा नको. शोधगंगा या संकेतस्थळावर देशभरातील पीएच.डी.चे प्रबंध आहेत, आणि पुण्याच्या गोखले संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने कितीतरी जुनी पुस्तके व अहवाल ऑनलाइन खुले केले आहेत. लघुप्रबंधासाठी २०११ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची जिल्हा पत्रके आधी उघडा व मग गावात जा. माझ्या सोबतच्यांनी उलटे केले आणि प्रश्नावली दोनदा छापली.

पीएच.डी. करायची असेल तर विभागात मान्यताप्राप्त मार्गदर्शक किती आणि त्यांच्याकडे जागा किती, हे दुसऱ्या सत्रातच विचारा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चारच संशोधक असू शकतात, त्यामुळे दोन मार्गदर्शकांच्या विभागात कधी कधी वर्षभर एकही जागा निघत नाही. नेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, एम.ए.च्या अंतिम वर्षात असतानाही देता येते. परंतु नेटच्या निकालापासून दोन वर्षांत ५५ टक्के (राखीव प्रवर्गांसाठी ५०) गुणांनी एम.ए. पूर्ण झाल्याचा पुरावा लागतो, आणि राखीव पडलेला निकाल ही मुदतही कुरतडतो. नेटची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते. आपण एम.ए.ची उत्तरे मराठीत लिहीत असाल तर पहिल्या सत्रापासून प्रत्येक संज्ञेचा इंग्रजी प्रतिशब्द वहीत समोर लिहीत चला. मी हे चौथ्या सत्रात सुरू केले आणि पहिल्या प्रयत्नात मला प्रश्नच नीट कळले नव्हते.