ट्रायकोकार्ड बांधूनही पोंगे का मरतात?

प्रश्न : सुरू (डिसेंबर ते फेब्रुवारीत लावलेल्या) उसात खोडकिडीसाठी ट्रायकोकार्ड बांधले. कार्डावर नुसते काळे ठिपके दिसले, माशी एकही दिसली नाही. पोंगे (उसाचे मधले कोवळे शेंडे) मरायचे थांबले नाहीत. कार्ड खराब होते का? – एक वाचक, माळशिरस तालुका

उत्तर : काळे ठिपके ही तर चांगल्या कार्डाची खूण. कार्डावर तांदळावरच्या पतंगाची अंडी चिकटवलेली असतात. ट्रायकोग्रामा चिलोनिस या बारीक परोपजीवी माशीची मादी त्यांत आपले अंडे घालते. दिवसाभरात अळी निघून आतला बलक खाते, आणि तीन-चार दिवसांत पतंगाचे अंडे काळे पडते. कोषही त्यातच होतो. आठ ते दहा दिवसांत अंड्याला गोल भोक पाडून माशी बाहेर येते. ती जेमतेम अर्धा मिलीमीटर असते, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना सहज दिसत नाही. दहापट भिंगातून पिवळसर अंग आणि लालभडक डोळे स्पष्ट दिसतात; नराच्या मिशांवर लांब केस असतात.

जुने कार्ड फेकण्याआधी भिंगाखाली धरा. अंड्यांना भोके असतील तर माश्या निघून गेल्या. अंडी काळी पण अभंग असतील तर बहुधा उन्हाने किंवा औषधाने आतच मेल्या. कागद मोकळा असेल तर मुंग्यांनी अंडी नेली.

आता पोंग्यांचे. ही माशी फक्त अंडी मारते. खोडात शिरलेल्या अळीला तिचा काही उपद्रव नाही. खोडकिडीचा पतंग पानाच्या खालच्या बाजूला चपटी पांढरी अंडी ओळीने घालतो आणि ती चार ते सहा दिवसांत उबतात. पोंगा वाळल्यावर कार्ड बांधले तर उशीरच झाला. लागणीनंतर महिन्याभराने पहिले कार्ड बांधा, मग दर दहा दिवसांनी, किमान चार वेळा. एकदाच बांधून भागत नाही, कारण माशी थोडेच दिवस जगते आणि पतंग मात्र अंडी घालतच राहतात.

प्रमाण हेक्टरी 50 हजार अंडी, म्हणजे 20 हजार अंड्यांचे एक कार्ड एकराला. माशी लांब उडत नाही, म्हणून कार्डाचे 40 तुकडे करून दर दहा मीटरवर एक, पानाच्या खालच्या बाजूला स्टेपल करा. तुकडे अंड्यांना धक्का न लावता कापा. सोलापूरचे एप्रिल-मेचे ऊन 40 अंशांच्या वर जाते, म्हणून पाणी दिल्यावर संध्याकाळी बांधा. माश्या बाहेर पडायच्या बेतात असतानाच कार्ड शेतात न्या. तोवर फ्रीजमध्ये ठेवता येते, पण बर्फाच्या कप्प्यात नको.

कार्ड बांधण्याच्या आधी आणि नंतर आठ-दहा दिवस कीटकनाशक फवारू नका. मेलेले पोंगे जमिनीलगत कापून अळीसकट नष्ट करा आणि दीड महिन्याच्या उसाला हलकी बाळबांधणी (बुंध्याला मातीची भर) द्या.