बर्लिनला एक सेमिस्टर: आधी क्रेडिटचा कागद, मग तिकीट

दादा, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी, मुलगी इथंच मेकॅनिकलला, आत्ता थर्ड इयरला गेली, आणि कॉलेजच्या एक्स्चेंजमधून टीयू बर्लिनला, म्हणजे बर्लिनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत, ऑक्टोबरपासून एक सेमिस्टर जाण्यासाठी तिचं नाव निघालंय. तुमचे प्रश्न तीन. एवढ्या मोठ्या शहरात पोरगी एकटी कशी राहील, तिच्या लग्नासाठी ठेवलेली सात लाखांची एफडी मोडू का, आणि यात प्लेसमेंट हुकणार तर नाही ना. यात एक प्रश्न राहिलाय आणि मला विचाराल तर तोच पहिला आहे: ती तिकडं जे शिकेल ते इकडं धरणार का?

कारण बघा, तिकडचं विंटर सेमिस्टर ऑक्टोबर ते मार्च, त्यातले तास ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात आणि फेब्रुवारीच्या मध्याला संपतात, मग परीक्षा. आपलं पाचवं सेमिस्टर जुलै-ऑगस्टला सुरू होऊन नोव्हेंबर-डिसेंबरला परीक्षा होते आणि जानेवारीत सहावं चालू. म्हणजे पोरगी पाचवं अर्ध्यात टाकून जाणार आणि सहावं अर्धं झाल्यावर येणार! सगळे एक सेमिस्टर एक सेमिस्टर म्हणतात पण हात दोन सेमिस्टरना लागतो. तुम्ही आयुष्यभर वह्या लिहिल्यात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा चटकन कळेल, एका खात्यातून गेलेली रक्कम दुसरीकडं जमा दिसलीच पाहिजे.

तर कॉलेजकडून हे लेखी घ्या, तोंडी नको. पाचव्या सेमिस्टरची परीक्षा तिला द्यावी लागणार का, का बर्लिनचे विषय त्याच्या बदली धरणार? सहाव्याचे बुडालेले दीड-दोन महिने आणि हजेरी यांचं काय, प्रॅक्टिकलं कधी भरून घेणार? तिकडच्या बऱ्याच विषयांना परीक्षेच्या दोन तारखा असतात, पहिली सेमिस्टरचे तास संपल्या संपल्या आणि दुसरी मार्चच्या शेवटाकडं, तिनं शक्य तिथं पहिली तारीख घ्यावी म्हणजे मार्चच्या सुरुवातीला घरी येता येईल.

आता तो कागद. त्याला लर्निंग अ‍ॅग्रीमेंट म्हणतात. डाव्या बाजूला तिकडचे विषय, उजव्या बाजूला त्याच्या बदली इकडचे कुठले विषय माफ होणार ते, आणि खाली तीन सह्या: मुलीची, आपल्या कॉलेजची, तिकडच्या युनिव्हर्सिटीची. माझ्याकडं मिरजेचा एक मुलगा यायचा, हुशार, तो जर्मनीतल्याच दुसऱ्या एका शहरात गेला होता. जाताना कागद बरोबर केला होता पण तिथं पोचल्यावर दोन विषयांचे तास एकाच वेळी आले म्हणून त्यानं विषय बदलले आणि नवा कागद करून सह्या घ्यायच्या राहून गेल्या. परत आला तर चार विषयांतले दोनच धरले. पोरगं माझ्यासमोर बसून रडलं, आणि त्याचा अभ्यास कमी पडला नव्हता हो, एक मेल राहिली होती. म्हणून मुलीला सांगा, विषय बदलला की त्याच आठवड्यात बदलाचा कागद भरायचा आणि इकडच्या सरांचं 'मान्य' असं उत्तर आल्याशिवाय गप्प बसायचं नाही.

विषय निवडताना आणखी एक मेख आहे. जर्मनीत बॅचलरचे विषय बहुतेक जर्मनमधून शिकवतात, इंग्रजीतले विषय जास्त करून मास्टर्सला. तुम्ही लिहिलंय तिचं जर्मनचं ए-टू, म्हणजे दुसरी पायरी, झालंय. भाजी आणायला, बसमध्ये विचारायला ए-टू पुरतं, पण थर्मोडायनॅमिक्सचं लेक्चर त्यावर कळणार नाही. तिनं यादीतल्या प्रत्येक विषयापुढं भाषा बघावी, मास्टर्सचा विषय घेता येतो का ते तिकडच्या कोऑर्डिनेटरला विचारावं आणि दोन विषय जादा हाताशी ठेवावेत. पूर्ण सेमिस्टर म्हणजे ३० ईसीटीएस, म्हणजे तिकडचे क्रेडिट, पण एक्स्चेंजवाल्या पोरांनी एवढं ओझं घ्यावं असं मला वाटत नाही, चार विषय नीट करून आली तरी खूप झालं. आणि मार्कांचं आधीच सांगून ठेवते, तिथं १.० म्हणजे सगळ्यात भारी, ४.० म्हणजे काठावर पास आणि ५.० म्हणजे नापास, त्यामुळे १.७ बघून वहिनींनी घाबरू नये. फक्त कॉलेज ते आपल्या ग्रेडमध्ये कसं बदलणार हेही त्या कागदाबरोबरच ठरवून घ्या.

प्लेसमेंटचं थोडक्यात सांगते. कंपन्या साधारण सातव्या सेमिस्टरच्या तोंडाला यायला लागतात, ती त्याच्या कितीतरी आधी परत आलेली असेल. हेच फोर्थ इयरला निघालं असतं तर मी नको म्हटलं असतं.

पैशाचं मात्र नीट बसून बघू. एक्स्चेंज असेल तर ट्यूशन फी इकडच्याच कॉलेजात भरायची, तिकडं सेमिस्टर काँट्रिब्यूशन म्हणून साधारण तीनशे-साडेतीनशे युरो, त्यात ट्रेन-बसचं सेमिस्टर तिकीट येतं. खरा खर्च राहण्या-खाण्याचा. व्हिसासाठी महिन्याला ९९२ युरो दाखवावे लागतात, सहा महिन्यांचे झाले ५,९५२, युरो शंभरीच्या आसपास धरला तर सहा लाख. शिवाय विमान, विमा आणि व्हिसाची फी ७५ युरो. तीन महिन्यांपेक्षा जास्त राहायचंय म्हणून नेहमीचा शेंगेन टुरिस्ट व्हिसा चालत नाही, नॅशनल व्हिसा लागतो, त्याला वेळ जातो, तेव्हा गणपतीनंतर बघू असं करू नका. हे सहा लाख कुणाला द्यायचे नसतात, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये मुलीच्याच नावावर राहतात आणि दर महिन्याला ठरलेली रक्कम तिला मिळते. म्हणून मी म्हणते एफडी मोडू नका, बँकेत एफडीवर कर्ज किती मिळतं ते विचारा, व्याज एफडीच्या दरापेक्षा थोडंच जास्त पडतं आणि उरलेले पैसे परत आले की फेडता येतं. त्याच्याही आधी कॉलेजला विचारा की हा करार इरॅस्मस प्लस या युरोपियन युनियनच्या योजनेतला आहे का, असेल आणि तिची निवड त्यात असेल तर महिन्याचा भत्ता आणि प्रवासखर्च मिळतो, मग सगळं गणितच बदलतं. तिकडं काम करून खर्च काढेल हा हिशोब मात्र अजिबात धरू नका, पाच-सहा महिन्यांत भाषा, अभ्यास आणि नोकरी तिन्ही होत नाही.

आता शहर. बर्लिन ३५ लाखांच्या वरचं आहे आणि तुमची मुलगी विश्रामबागेतून कॉलेजला स्कूटीवर दहा मिनिटांत जाणारी, तुमची काळजी मला कळते. पण रस्ता चुकण्याची भीती धरू नका, तिथं शहराभोवती गोल फिरणारी रेल्वे आहे, साधारण तासाभरात पूर्ण फेरी, आठवड्यात पोरं शहर पाठ करतात. अडचण येते खोलीची. नॉमिनेशनचं, म्हणजे कॉलेजनं तिचं नाव तिकडं कळवल्याचं, पत्र हातात पडलं त्याच दिवशी स्टुडंट हॉस्टेलला अर्ज टाकायला लावा. राहायला गेल्यावर १४ दिवसांत पत्ता सरकारदरबारी नोंदवायचा असतो आणि त्याला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, तो द्यायला जो तयार नाही त्याची खोली घ्यायची नाही. खोली न बघता कुणी डिपॉझिट मागितलं तर एक रुपया पाठवायचा नाही, फोटो कितीही छान असोत.

आणि डिसेंबर. तिथं तेव्हा चारच्या आधी सूर्य मावळतो. माझ्या एका विद्यार्थिनीनं मला एकदा व्हिडिओ कॉल केला, इकडं साडेआठ वाजलेले, मी जेवत होते, तिकडं दुपारचे चार आणि खिडकीबाहेर अंधारून आलेलं, ती दिवा न लावता पलंगावर कोट घालून बसलेली. म्हणाली, मॅडम आज मी कुणाशीच बोलले नाही. तिकडं बहुतेक लेक्चरना हजेरी घेत नाहीत, गेली काय न गेली काय कुणी विचारत नाही, परीक्षेला वेगळं नाव नोंदवायचं असतं तेही आपलं आपण लक्षात ठेवायचं. आपल्याकडं ७५ टक्क्यांच्या धाकानं का होईना पोरं वर्गात येतात, तिथं तो धाक नाही. त्या मुलीनं मग रोज सकाळी लायब्ररीत जाऊन बसायचं आणि दुपारी कँटीनमध्ये कुणाच्या तरी टेबलावर जेवायचं असं ठरवलं आणि जानेवारीपर्यंत सावरली. तुम्ही घरून रोज फोन करा, पण 'जेवलीस का' एवढंच नको, 'आज कुणाशी बोललीस' हेही विचारा. भडंग आणि शेंगदाण्याची चटणी बॅगेत जाईलच, ते वहिनींना सांगायला नको.

माझं मत पाठवा असं आहे, पण तीन सह्यांचा कागद आणि सेमिस्टरबद्दल कॉलेजचं लेखी उत्तर हातात आल्यावरच तिकीट काढा. यावेळी पत्र तुम्ही लिहिलंत, पुढचं तिला लिहू दे. विषयांची यादी, प्रत्येकापुढं भाषा आणि परीक्षेची पद्धत, असं तिच्या हातानं लिहून तिला माझ्याकडं पाठवा. तुम्हीही या, चहा घेऊ, पण बोलायचं तिनं.