‘तक्रार नाही’ म्हटलं, तरी मार पुसला जात नाही

प्रश्न: आम्ही फासेपारधी. गेल्या शनिवारी पहाटे तीनला पोलिसांनी पालावरून माझ्या नवऱ्याला उचललं. घरफोडीची केस घातली. अटक दाखवली सोमवारी रात्री, कोर्टात नेलं मंगळवारी. तळपायांवर पट्ट्यानं मारलंय, पायात चप्पल जात नव्हती. न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा मागं हवालदार उभा होता, म्हणून तो ‘तक्रार नाही’ म्हणाला. आता जेलात आहे. माझं डोरलं आणि शेळ्या विकून आलेले पैसेही नेले. जातीचा दाखला नाही. भावकी म्हणते गप बस, नाहीतर आणखी केसेस लावतील. काय करू?
– एक वाचक, सोलापूर जिल्हा

ताई, उद्या सकाळी आधी जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरण गाठा. १५१०० वर फोनही लागतो. आदिवासींना, स्त्रियांना आणि कोठडीतल्या माणसाला १९८७च्या कायद्यानं मोफत वकील मिळतो. त्या वकिलाकडून उद्याच कोर्टात अर्ज पडला पाहिजे: नवऱ्याची सरकारी रुग्णालयात तपासणी करा, अंगावरची प्रत्येक खूण लिहा. मी घाई करतेय ती त्या तळपायांसाठी. सूज आठवड्यात उतरते. वळ आधी निळा, मग हिरवट, मग पिवळा पडतो आणि जातो. आज डॉक्टरला जे दिसेल ते पंधरा दिवसांनी दिसणार नाही.

‘तक्रार नाही’ या दोन शब्दांनी खचून जाऊ नका. मुंबईच्या कोठड्यांतल्या बायकांच्या छळावरून शीला बर्से यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं होतं. त्यावर १९८३मध्ये न्यायालयानं सांगितलं की समोर आणलेल्या माणसाला मारहाण झाली का हे न्यायाधीशानं विचारायचं, आणि वैद्यकीय तपासणी मागण्याचा तुझा हक्क आहे हेही त्याला सांगायचं. हे दुसरं सांगितलं होतं का, नवऱ्याला विचारा. मागं कोण उभं होतं, किती जवळ, हे अर्जात लिहा. आता तो पोलिसांच्या ताब्यात नाही, तेव्हा बोलू शकतो. पुढची तारीख व्हिडिओवर असेल तर प्रत्यक्ष हजर करण्याची मागणी करा.

तीन कागद आधीच तयार असतील, ते मिळवायचे. अटकेनंतर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ खाली डॉक्टरांची तपासणी होते आणि तिची प्रत अटक झालेल्याला किंवा त्यानं सांगितलेल्या माणसाला द्यावी लागते. जेलात घेताना अंगावरच्या जखमा नोंदवहीत लिहितात, तिचा उतारा मागा. तिसरा अटक पंचनामा. त्यावर घरच्या माणसाची किंवा गावातल्या प्रतिष्ठिताची साक्षीदार म्हणून सही लागते. ती कुणाची आहे ते नीट पाहा.

शनिवार ते सोमवार तो ठाण्यात होता हे ठाण्याचा कॅमेराच सांगेल. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२०च्या आदेशाप्रमाणे हे चित्रण अठरा महिने, आणि तेवढी सोय नसेल तरी किमान एक वर्ष, ठेवायचं असतं. शनिवार पहाटेपासून मंगळवारपर्यंतचं चित्रण जपून ठेवा, असा लेखी अर्ज पोलीस अधीक्षकांना आणि कोर्टाला द्या, पोच घ्या. कोर्टात हजर करण्याचे चोवीस तास मोजायचे ते पालावरून उचलल्यापासून. कागदावर अटक कधी दाखवली याला अर्थ नाही.

डोरल्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत. मला ती फार लागली, कारण पारध्याच्या घरातला दागिना ‘चोरीचा माल’ म्हणून मांडण्याचा प्रकार मी पुन्हा पुन्हा पाहिलाय. नागरिक सुरक्षा संहितेच्याच कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं आहे, ते मागा. लग्नातला डोरलं घातलेला फोटो आणि बाजाराची शेळ्यांची पावती शोधा. मग कलम ५०३ खाली वस्तू परत मागता येते.

गुन्हा तुमच्या बाजूनंही दाखल होतो. कबुलीसाठी मारहाण न्यायसंहितेच्या कलम १२० मध्ये येते, बेकायदा डांबणं १२७ मध्ये. पारधी आपल्या राज्यात अनुसूचित जमातीत आहेत, म्हणून अॅट्रॉसिटी कायदाही लावायला सांगा. दाखला आधी आणा, अशी तक्रार नोंदवायला अट नाही. तो मागाहून काढू. ठाण्यात घेतलं नाही तर अधीक्षकांना पोस्टानं, मग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. सहा महिन्यांच्या आत करा. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम १६१ खाली पोलीस मुदत संपल्याचा बचाव घेतात.

भावकीची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. १८७१च्या कायद्यानं जमातींनाच गुन्हेगार ठरवलं. तो शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ला कागदावरून निघाला, पण नजरेतून निघाला नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पोलिसांना पुन्हा बजावावं लागलं की विमुक्त जमातीच्या माणसांना मनमानी अटक करू नका. परभणीत वडार समाजाचा सोमनाथ सूर्यवंशी डिसेंबर २०२४मध्ये कोठडीत मरण पावला. पोलिसांवर गुन्हा नोंदवण्यासाठी त्याच्या आईला उच्च न्यायालयात जावं लागलं. जुलै २०२५मध्ये तो आदेश झाला आणि सर्वोच्च न्यायालयानं कायम ठेवला. त्या आईनंही गप्प बसण्याचे सल्ले ऐकले असणार.

म्हणून ‘तक्रारीमुळे खोट्या केसेस होण्याची भीती आहे’ हे वाक्य पहिल्याच अर्जात लिहा आणि एक प्रत राज्य मानवी हक्क आयोगाला पाठवा. पुढं काही घडलं तर तुम्ही आधी सांगितलं होतं हे तारखेसह दिसेल.

आणि ‘जबाबाला ये’ म्हणून ठाण्यात बोलावलं तर जाऊ नका. साक्षीदार बाईचा जबाब ती राहते तिथंच घ्यायचा, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ मध्ये आहे, आणि पाल हे राहण्याचंच ठिकाण आहे. आरोपी म्हणून नोटीस आली, तर मात्र त्याच दिवशी ती वकिलाच्या हातात द्या.