तंबूत सीपॅप चालवायचं तर बॅटरी केवढी घ्यायची?

प्रश्न : नमस्कार ताई, आमच्या ह्यांना स्लीप ॲप्नियासाठी, म्हणजे झोपेत श्वास अडकतो त्यासाठी, रात्री सीपॅप मशीन (मास्कमधून दाबाने हवा देणारं) लावावं लागतं. रेसमेडचं एअरसेन्स टेन आहे, प्रेशर दहावर सेट केलंय. आता ह्यांच्या तळजाईच्या वॉकिंग ग्रुपने डिसेंबरात पवनेच्या काठावर दोन रात्री तंबूत राहायचा बेत केलाय आणि तिथूनच पुढे जमलं तर राजमाचीला एक रात्र. तंबूत लाईट नाही. तापकीर गल्लीत विचारलं तर दुकानदार म्हणाला, दीडशे एएचची (अँपिअर-अवर, बॅटरीत किती साठतं त्याचं माप) इन्व्हर्टरची बॅटरी घेऊन जा, आणि मुलगा म्हणतो माझी वीस हजारची पॉवर बँक आहे ना, बास झाली. दोघांच्या बोलण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आम्ही नक्की कुणाचं ऐकायचं? हे स्वतः तर म्हणतायत की दोन-तीन रात्रीच आहेत, मशीन घरीच ठेवू.
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : आधी काकांचं म्हणणं निकालात काढू. मशीन काढलं की घोरणं आणि श्वास अडकणं बहुतेकांचं पहिल्याच रात्री परत सुरू होतं, दोन वर्षं नियमित लावलं म्हणून शरीरात काही शिल्लक साठत नाही. आणि ग्रुप म्हटलं की शेकोटीभोवती ग्लास आलेच, दारूने घशाचे स्नायू अजून ढिले पडतात, म्हणजे ज्या रात्री मशीनची गरज जास्त नेमकी तीच रात्र मशीनशिवाय काढायची असं होतं. तेव्हा मशीन न्यायचंच. तरी न्यायचं नसेल तर ते काकांनी आणि डॉक्टरांनी ठरवावं, ग्रुपने नाही.

आता बॅटरी. दुकानदाराने दीडशेचा आकडा हवेतून काढलेला नाही बरं का. तुमच्या मशीनच्या ॲडॅप्टरवर ९० वॅट लिहिलंय, त्याने ते वाचलं असणार, ९० गुणिले आठ तास म्हणजे ७२० वॅट-अवर (एकूण किती वीज लागली त्याचं माप), दोन रात्रींचे १,४४० आणि दीडशे एएचची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे १,८०० वॅट-अवर, झालं, बसलं गणित. पण ९० वॅट ही ॲडॅप्टरची ताकद आहे, मशीन रात्रभर तेवढं खात नाही. तिकडे मुलाने बहुतेक वीस हजार एमएएच म्हणजे वीस एएच, गुणिले बारा, २४० वॅट-अवर असं धरलंय, आणि तिथे तो फसला, कारण पॉवर बँकेवरचा एमएएच आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवर मोजलेला असतो. २० गुणिले ३.७ म्हणजे ७४ वॅट-अवर, त्यातले बाहेर येईपर्यंत साठ-पासष्ट उरतात. शिवाय तुमच्या मशीनला २४ व्होल्ट लागतात, पॉवर बँकेतून ते सरळ निघत नाहीत.

मग मशीन खातं तरी किती? इथे सगळी गोम ह्युमिडिफायरमध्ये, म्हणजे हवा दमट करणाऱ्या भागात आहे. हवा ढकलणारी मोटर प्रेशर दहाला साधारण सात ते दहा वॅट घेते, एका छोट्या एलईडी बल्बएवढं. पण पाणी गरम करणारी प्लेट आणि गरम होणारी ट्यूब चालू असेल तर तेच मशीन सरासरी तीस ते पन्नास वॅटवर जातं, आणि पवनेला डिसेंबरातल्या पहाटे बाहेर गारठा असतो तेव्हा हीटर अजूनच जोर लावणार. म्हणजे एकच मशीन, एकाच रात्रीत ऐंशी वॅट-अवर पण खाऊ शकतं आणि चारशे पण. म्हणून मोठी बॅटरी शोधायच्या आधी हीटर बंद करा, अर्ध्याहून जास्त प्रश्न तिथेच संपतो.

बंद करायचं म्हणजे नुसतं टाकीतलं पाणी ओतून द्यायचं नाही, बरेच जण एवढंच करतात आणि प्लेट बिचारी रिकामी टाकी रात्रभर तापवत बसते. मशीनच्या ऑप्शन्समध्ये जाऊन ह्युमिडिटी ऑफ, ट्यूबचं टेम्परेचर पण ऑफ, आणि तिथेच एअरप्लेन मोड असतो तो चालू करून टाका, रात्रभर नेटवर्क शोधण्यातही थोडी वीज जाते. डेटा मशीनमध्ये राहतो, घरी आल्यावर जाईल. ऑप्शन सापडला नाही तर मशीन जिथून घेतलं त्यांना फोन करा, पण प्रेशरचं सेटिंग मात्र कुणी सांगितलं तरी बॅटरी वाचवायला म्हणून कमी करू नका.

नाक कोरडं पडेल ही तक्रार होणार, ती खरी आहे. त्यावर मास्क आणि ट्यूबच्या मध्ये बसणारा एक छोटा फिल्टरसारखा तुकडा मिळतो, एचएमई म्हणतात, तो आपल्याच श्वासातली वाफ धरून ठेवतो, वीज शून्य. तो चालेल का ते तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या, कारण सगळ्या मास्कला बसत नाही आणि काहींना त्यातून श्वास जड वाटतो. नाहीतर झोपताना सलाईनचे नाकात टाकायचे थेंब, दोन रात्री निघतात.

आता हिशोब सरळ आहे. दहा वॅट धरू, आठ तास, म्हणजे ऐंशी, दोन रात्रींचे १६०. बॅटरीचे १२ व्होल्ट मशीनसाठी २४ करणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये थोडी वाया जाणार, मास्क लीक झाला तर मोटर जास्त पळणार, म्हणून वर थोडी राखीव. लिथियम आयर्न फॉस्फेटची, बाजारात एलएफपी म्हणतात ती, १२ व्होल्ट (नेमके १२.८) २० एएचची बॅटरी २५६ वॅट-अवरची असते, वजन तीन किलोच्या आतबाहेर. पवनेच्या दोन रात्रींना ती पुरते. मधे चार्ज न करता राजमाची पण करायची असेल तर ३० एएच घ्या, वजन चारेक किलो होईल, आणि लोणावळ्याहून राजमाचीच्या पायथ्याच्या उधेवाडीपर्यंत चालत जाणार असाल तर ती कुणाच्या पाठीवर जाणार ते आधीच ठरवा, ग्रुपमध्ये ऐन वेळी सगळ्यांचे गुडघे दुखायला लागतात. कॅम्पवाल्याला फोन करून जेवणाच्या शेडमध्ये दिवसा चार्जिंग मिळेल का तेही विचारा, मिळत असेल तर वीसच घ्या.

जुन्या पद्धतीची लेड ॲसिड नको. ती अर्ध्याच्या खाली वारंवार उतरवली की लवकर मरते, म्हणजे लिहिलंय त्याच्या निम्मीच वापरायची, आणि दीडशे एएचची इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी पन्नास-साठ किलोची असते, गाडीत आडवी झाली तर ॲसिड सांडणार. यूपीएसमधली ७ एएचची छोटी कुणी देऊ केली तर ती एक रात्र पण धड काढणार नाही.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, मशीन इन्व्हर्टरवरून चालवू नका. बॅटरीतले १२ व्होल्ट, त्याचे इन्व्हर्टरने २३० करायचे, मग तुमचा ॲडॅप्टर त्याचे परत २४ करणार, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? इन्व्हर्टर नुसता चालू राहायलाच कित्येकदा पाच-दहा वॅट खातो, म्हणजे मशीनएवढंच तो स्वतः खाऊन बसणार आणि बॅटरी निम्म्या वेळात संपणार. त्याऐवजी १२ चे थेट २४ करणारा डीसी कन्व्हर्टर मिळतो, तो तुमच्याच मॉडेलचा, शक्यतो कंपनीचा घ्या. रेसमेडच्या प्लगमध्ये एक जादा पिन असते, तिच्यावरून मशीन पुरवठा ओळखतं, त्यामुळे तापकीर गल्लीत कुणी 'हा पण बसतो ताई' म्हणालं तर बसेल पण चालेलच असं नाही. बॅटरी, फ्यूज, गाडीत असतं तसं सिगारेट लायटरचं सॉकेट हे तिथून खुशाल घ्या, चांगलं आणि स्वस्त मिळतं. फ्यूज मात्र लावून घ्याच, बॅटरीच्या अगदी जवळ. फिलिप्सचं ड्रीमस्टेशन असलेल्यांना १२ व्होल्ट लागतात, त्यांनी हा २४ चा कन्व्हर्टर चुकूनही लावू नये.

तयार पॉवर स्टेशन, म्हणजे बॅटरी आणि सॉकेटं एकाच डब्यात असलेलं, घेतलं तरी हाच नियम, एसीच्या पिनेत न लावता त्याच्या १२ व्होल्टच्या सॉकेटमधून कन्व्हर्टर लावायचा. आणि त्यात इको मोड असेल तर बंद करा, कारण काही पॉवर स्टेशनना एवढा कमी लोड दिसला की वाटतं काही लावलेलंच नाही, आणि पहाटे तीनला गपचूप बंद पडतात.

जायच्या आधी एका शुक्रवारी घरीच काकांना रात्रभर बॅटरीवर झोपवा. सगळं तंबूत असेल तसं, हीटर ऑफ, एचएमई लावून. सकाळी बॅटरी किती उतरली ते बघा, एलएफपीचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सारखाच राहतो, त्यामुळे व्होल्टेज बघून अंदाज लागत नाही, मधे डीसी वॅटमीटर जोडला तर नेमके वॅट-अवर दिसतात. माझे आकडे अंदाजाचे आहेत, तुमच्या मशीनचा आकडा त्या रात्री कळेल आणि खरेदी त्यावर करा. बॅटरी अजून घेतलेली नसेल तर ॲडॅप्टर घरच्या वॅटमीटरवर लावून पण मोजता येतं.

तंबूत मशीन जमिनीवर ठेवू नका, खाली एखादा खोका ठेवा, मागची हवा आत घ्यायची जाळी पांघरुणाखाली जाणार नाही हे बघा. आणि तंबू शेकोटीच्या ज्या बाजूने वारा येतो त्या बाजूला लावा, म्हणजे धूर दुसरीकडे जाईल, कारण मशीनचा फिल्टर धूळ अडवतो, धुराचा वास नाही, आणि तो वास मग रात्रभर सरळ नाकात जातो.

प्रश्न : मी गाडीनेच जाणार आहे आणि गाडी तंबूला लागूनच उभी करता येते. मग वेगळी बॅटरी कशाला, गाडीच्याच बॅटरीवर सीपॅप चालवलं तर?
— एक वाचक, वारजे

उत्तर : हीटर बंद असेल तर एका रात्रीत साडेसहा-सात एएच जातील, आपल्या छोट्या गाड्यांची बॅटरी ३५ ते ४५ एएचची असते, तेव्हा बॅटरी नवी असेल तर सकाळी गाडी सुरू व्हायला हरकत नाही. बॅटरी तीन-चार वर्षांची असेल तर मी हे करणार नाही. ती स्टार्टरला एकदम मोठा झटका द्यायला बनवलेली असते, रात्रभर हळूहळू उतरवायला नाही, आणि दुसऱ्या रात्रीपर्यंत गाडी फिरलीच नाही तर सोमवारी धक्का मारायला माणसं शोधावी लागतील. बऱ्याच गाड्यांत चावी काढली की १२ व्होल्टचं सॉकेट पण बंद होतं, ते आधी तपासा. आणि गाडीपासून तंबूपर्यंत लांब बारीक वायर ओढली तर वाटेतच व्होल्टेज पडतो आणि मशीन एरर देतं, वायर जाड हवी.

बॅटरी उतरतेय असं वाटलं म्हणून रात्री इंजिन चालू ठेवून झोपायचं मात्र अजिबात नाही. तंबूशेजारी चालू गाडी किंवा जनरेटर म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपेतल्या माणसाला कळतही नाही. शिवाय सीपॅप आजूबाजूचीच हवा ओढून देतं, ऑक्सिजन तयार करत नाही.

प्रश्न : सोलर पॅनेल घेऊ का?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : दोन-तीन रात्रींसाठी नको. आठवडाभर बाहेर राहणार असाल, दिवसभर एकाच जागी उन्हात पॅनेल ठेवून त्याच्यावर लक्ष ठेवायची तयारी असेल तर शंभर वॅटचं घ्या, नाहीतर त्याच पैशात थोडी मोठी बॅटरी येते.

प्रश्न : आम्ही मे महिन्यात विमानाने लेहला जाणार आहोत, तिथून पुढे दोन रात्री तंबूत. बाबांचं सीपॅप आणि २५६ वॅट-अवरची बॅटरी दोन्ही नेऊ ना?
— एक वाचक, औंध

उत्तर : मशीन न्या, ती बॅटरी घरी ठेवा. प्रवासी विमानात सुटी लिथियम बॅटरी १०० वॅट-अवरपर्यंत चालते, १०० ते १६० ची असेल तर एअरलाइनची परवानगी लागते, आणि अशा जास्तीत जास्त दोन. १६० च्या वर नाहीच. जी नेणार ती हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये टाकायची नाही, बॅटरीच्या टर्मिनलवर टेप लावून. बॅटरीवर वॅट-अवर छापलेले दिसले पाहिजेत, नसतील तर सिक्युरिटीवाले ठेवून घेतात आणि तिथे हुज्जत घालून उपयोग नसतो. म्हणून शंभरच्या आतल्या दोन घ्या, रात्रीला एक. डॉक्टरांचं पत्र जवळ ठेवा आणि मशीन मेडिकल आहे हे तिकीट काढतानाच कळवून ठेवा.

पण तुमच्या बाबतीत मला बॅटरीपेक्षा उंचीची काळजी जास्त वाटते. लेह साधारण साडेतीन हजार मीटरवर आहे, तंबू कदाचित त्याच्याही वर असेल. एअरसेन्स टेनसारखं मशीन कंपनीने २,५९१ मीटरपर्यंतच वापरायला सांगितलंय, त्याहून जास्त उंचीवर विरळ हवेत ठरलेलं प्रेशर मिळेल याची खात्री नाही. आणि एवढ्या उंचीवर झोपेत श्वास थांबण्याचा दुसराच एक प्रकार होतो, त्यात घसा बंद होत नाही, मेंदूच मधेमधे श्वासाची सूचना द्यायची थांबतो, निरोगी माणसालाही होतं, आणि त्यावर साधं सीपॅप पुरेसं पडेलच असं नाही. तेव्हा तिकिटं पक्की करायच्या आधी बाबांना त्यांच्या छातीच्या किंवा झोपेच्या डॉक्टरांकडे घेऊन जा, जायची ठिकाणं आणि प्रत्येक ठिकाणची उंची कागदावर लिहून न्या. झोप लागत नाही म्हणून तिथे कुणाकडून झोपेची गोळी घेऊ नका. आणि तंबूच्या दोन रात्री लेहमध्येच मुक्काम करून काढता येतील का तेही बघा, हॉटेलात निदान प्लग तरी असतो.