बॅटमॅनने टिम ड्रेकला हैतीला नेलं नाही, हे बरोबर होतं का?

(मूळ प्रश्न: कॉमिक्समधल्या बॅटमॅनचा साथीदार, म्हणजे रॉबिन, व्हायचं शिक्षण चालू असतानाच टिमच्या आईवडिलांचं अपहरण होतं. बॅटमॅन त्याला आपल्या गॉथम शहरातच ठेवून एकटा हैतीला जातो. हे पटतं का?)

पटतं. आदल्या रॉबिनचं काय झालं ते आठवा. जेसन टॉड सख्खी आई शोधत इथिओपियात गेला, आईनेच त्याला जोकरच्या हाती दिलं आणि पोरगं स्फोटात गेलं. 1988 साली त्याला जगवायचं की मारायचं हे वाचकांनी फोन करून ठरवलं होतं, 5,271 विरुद्ध 5,343. त्या पोराचं प्रेत उचललेला माणूस दुसऱ्या पोराला त्याच वाटेने नेईल कशाला?

पण तुमचा प्रश्न वाचून मला आमची तालीम आठवली.

सतराव्या वर्षी मी कोल्हापुरात एका तालमीत होतो. स्वतः काही मोठा पैलवान नव्हतो. तिथल्या एका नावाजलेल्या मल्लाचा जोड होतो. पहाटे हौद्यात त्याच्याशी लढायचं, मग त्याचं अंग रगडायचं, दुपारी त्याची थंडाई घोटायची. आम्ही त्याला दादा म्हणायचो. मैदानाच्या पोस्टरवर दादाचा फोटो, माझं नाव कुठेच नाही. तरी गावी गेलो की मीच जास्त मिरवायचो.

चैत्रातल्या एका जत्रेत दादाची एक नंबरची कुस्ती ठरली होती. चार दिवस राहिलेले. मी कुंडीत बदाम घोटत बसलो होतो आणि आमच्या गावचा दूधवाला किटली टेकवता टेकवता म्हणाला, "आबा कसं हायत रं आता? पाय ऱ्हातोय न्हवं?"

उसाच्या ट्रॉलीचं चाक आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पायावरून गेलं होतं. त्याला दोन दिवस झाले होते. आबा मिरजेला दवाखान्यात, आणि वस्तादांना पहिल्याच दिवशी निरोप पोचलेला! विचारलं तर म्हणाले, "मैदान झालं की धाडणारच हुतो तुला. चार दिसात काय बिघडतंय?" जोड गेला तर दादाची मेहनत मोडणार, एवढाच हिशोब.

दादालाही यातलं काही ठाऊक नव्हतं. तो वस्तादांना एक शब्द बोलला नाही. सदरा-विजार चढवली, मोटरसायकल काढली, मला मागे बसवलं. अंगावरची माती वाळून पोपडे सुटत होते आणि त्याच्या मानेवरचे कण वाऱ्याने थेट माझ्या डोळ्यांत येत होते. वॉर्डच्या दारात आईने आम्हा दोघांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "आधी पाय धुऊन या."

आबांचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. कागदावर सही आईने एकटीने केली होती, आदल्या रात्री.

टिमला निदान सगळं माहीत होतं. 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'चे 618 ते 621 हे अंक काढून बघा, 1990 चे. बॅटमॅन तिकडे गेलेला असताना तो इकडे बसून मनीस्पायडर नावाच्या हॅकरचा माग काढतो. मन गुंतवायला काहीतरी लागतंच. विषारी पाण्याने त्याची आई जाते, बाप पांगळा होतो. वाईटच. पण घरची खबर दाबून त्याच्याकडून कुणी काम काढून घेतलं नाही. सोबत न्यायचं की नाही हे गुरूने ठरवावं, तो त्याचा हक्क. सांगायचं की नाही हे त्याने ठरवू नये.

आमचे चुलते अजून म्हणतात की वस्तादांचंच बरोबर होतं. दादाची ती कुस्ती बरोबरीत सुटली, त्यालाही त्यांच्या मते मीच कारण. पोरगं एकदा तालमीत घातलं की घरचं घर बघून घेतं, हे त्यांचं पालुपद. त्यांचं स्वतःचं पोरगं कधी तालमीच्या दारात उभं राहिलं नाही, ते सोडा.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी, नाहीतर चुलते हे वाचून खाली लिहितील. "पोराला कळवू नका" हा निरोप आबांनीच पाठवला होता. मला ते बारा वर्षांनी कळलं. ठीक आहे. आबा तेव्हा तापात होते, पायाचा चेंदा झालेला. वस्ताद तर शुद्धीवर होते ना?